वही आधी बघा : विज्ञान स्पर्धांच्या परीक्षकांना खुलं पत्र

आदरणीय परीक्षकहो,

स.न.वि.वि.

मी विक्रोळीतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. गेली २२ वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांना घेऊन प्रदर्शनांना आणि प्रकल्प स्पर्धांना येते आहे, वॉर्डपासून राज्याच्या फेरीपर्यंत. तुमच्यापैकी अनेकांना मी चेहऱ्यानं ओळखते. तुमच्यात महाविद्यालयांतले प्राध्यापक आहेत, मोठ्या संशोधन संस्थांमधून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ आहेत, डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत. स्वतःचा रविवार मोडून तुम्ही दिवसभर उभ्यानं पोरांचं ऐकता, याची मला जाणीव आहे. म्हणूनच हे पत्र शिक्षण खात्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. खात्याचं परिपत्रक शाळेपर्यंत झिरपायला वेळ लागतो. टेबलासमोर उभं राहून तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारलात, हे मात्र दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळांना कळलेलं असतं, आणि पुढच्या वर्षीचे प्रकल्प त्यावर ठरतात.

मागच्या वर्षी घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. स्पर्धा कोणती आणि परीक्षक कोण, हे लिहिणार नाही. राग होता तोवर हे पत्र लिहायचं टाळलं. राग आता ओसरलाय, काळजी मात्र तशीच आहे.

नववीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, पाणी शिळं होतं का?" वर्ग हसला. ती हसली नाही. म्हणाली, "आजी रोज सकाळी हंड्यातलं कालचं पाणी तुळशीला घालते. म्हणते, शिळं पाणी पिऊ नये. आई म्हणते, एवढं पाणी ओतून कसं चालेल? दोघींचं रोज भांडण होतं. खरं कोणाचं?"

शिळा भात कळतो, शिळी भाकरी कळते. पाणी शिळं होतं म्हणजे नेमकं काय होतं? मला उत्तर देता आलं नाही. विचार करू लागले तसा प्रश्न मोठा होत गेला. ही मुलगी राहते पार्कसाइटच्या टेकडीवर. तिच्या गल्लीत पहाटे साडेचारला पाणी येतं आणि उजाडायच्या आत जातं. त्या वेळात पिंप, हंडे, कळश्या, बादल्या सगळं भरून ठेवायचं आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत पुरवायचं. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. तानसा, वैतरणा, भातसा अशा सात तलावांतून ते येतं, शुद्ध होतं, त्यात क्लोरीन मिसळलं जातं. पण शहराची यंत्रणा नळापाशी संपते. नळापासून पेल्यापर्यंतचे चोवीस तास त्या पाण्याचं काय होतं, हे टेकडीवरच्या घराघरांत रोज घडतं आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

तिघीजणी पुढे आल्या. मी त्यांना एवढंच सांगितलं, की पाण्यात मिसळलेलं क्लोरीन हळूहळू उडून जातं, वापरलं जातं. पिण्याच्या पाण्यासाठी आपलं जे भारतीय मानक आहे, १०५०० क्रमांकाचं, त्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक असावं असं म्हटलंय. ते संपलं की पाण्यात नव्यानं शिरणाऱ्या जंतूंना अडवायला काही उरत नाही. "मग शिळं म्हणजे क्लोरीन संपलेलं!" असं एकीनं फळ्यावर लिहून टाकलं. आजीच्या शब्दाला त्यांनी मोजता येईल असा अर्थ दिला. माझ्या मते प्रकल्पातलं सगळ्यात अवघड काम त्या दिवशी, खडूच्या एका ओळीत झालं.

मग मोजणी. चार भांडी घेतली : निळं प्लास्टिकचं पिंप, स्टीलचा हंडा, तांब्याची कळशी आणि माठ. एकाच नळाचं, एकाच वेळी भरलेलं पाणी. दर तीन तासांनी परीक्षानळीत पाणी घ्यायचं, त्यात डीपीडीची गोळी टाकायची, पाणी गुलाबी होतं. जितकं क्लोरीन जास्त तितका रंग गडद. तो रंग तक्त्याशी ताडून आकडा लिहायचा. पहिल्या आठवड्याचे सगळे आकडे वाया गेले, कारण रात्रीच्या नोंदी पिवळ्या बल्बखाली घेतल्या होत्या आणि त्या उजेडात गुलाबी रंग नीट ओळखूच येत नव्हता. हे त्यांचं त्यांनाच कळलं. एके रात्री वीज गेली, मोबाइलच्या पांढऱ्या उजेडात बघितलं तर आकडा वेगळा! त्यांनी सगळा आठवडा रद्द केला. पानं फाडली नाहीत. प्रत्येक पानावर एक आडवी रेघ मारून बाजूला लिहिलं : "उजेड चुकला. पुन्हा घेणार."

त्यांचा अंदाज होता की तांब्याची कळशी सगळ्यांत चांगली ठरेल, कारण घरोघरी तसंच सांगतात. झालं उलटं. झाकण ठेवलेल्या स्टीलच्या हंड्यात क्लोरीन सगळ्यांत जास्त वेळ टिकलं, तांब्यात सगळ्यांत आधी संपलं. मुली हिरमुसल्या. मग त्यांना वाटलं, जंतूही मोजून बघू. इथे मी अडवलं. घरी किंवा आमच्या शाळेच्या छोट्या प्रयोगशाळेत जंतू वाढवणं सुरक्षित नाही, आणि चांगल्या स्पर्धांच्या नियमांत ते बसतही नाही. आमची एक माजी विद्यार्थिनी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिनं प्राध्यापकांच्या परवानगीनं तिथल्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने लावले. मुलींनी बंद ताटल्यांवर वाढलेल्या जंतूंचे ठिपके बाहेरून मोजले. आणि खरी गंमत पुढेच होती. तांब्यात क्लोरीन सगळ्यांत आधी संपलं होतं, तरी ठिपकेही तांब्यातच सगळ्यांत कमी होते.

म्हणजे त्यांनी शिळं पाणी याचा जो अर्थ ठरवला होता, तोच अपुरा निघाला. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं : "असं का झालं ते आम्हाला समजलं नाही. तांबं स्वतःच जंतू मारत असेल का? पुढे बघायचं आहे."

आता त्या वहीतल्या आणखी तीन ओळी सांगते, कारण पत्राचं कारण त्याच आहेत. एका पानावर लिहिलं होतं, "दुपारी तीनची नोंद भावाने घेतली, आम्ही शाळेत होतो." दुसऱ्या पानावर, "आलेख काढायला बाईंनी शिकवलं." आणि तिसऱ्यावर, "ताटल्यांची चाचणी आम्ही केली नाही. ती ताईने केली. आम्ही ठिपके मोजले."

स्पर्धेच्या दिवशी मार्गदर्शक शिक्षकांना दोरीच्या अलीकडे उभं केलं होतं. मी ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते. परीक्षक आले. पहिला प्रश्न, "मॉडेल कुठे आहे?" मॉडेल नव्हतं. चार भांडी होती, ती खरी होती. दुसरा प्रश्न इंग्रजीत, "व्हॉट इज युअर हायपोथेसिस?" जिनं फळ्यावर शिळ्या पाण्याची व्याख्या लिहिली होती, तीच मुलगी गप्प राहिली. "तुमचं गृहीतक काय?" असं विचारलं असतं, किंवा "तुम्हाला काय वाटलं होतं?" एवढंच, तर ती दहा मिनिटं बोलली असती. मग परीक्षकांनी वही चाळली, खोडलेली पानं बघितली आणि म्हणाले, "इतकी गिचमीड? फेअर करून आणायची ना." आणि शेवटी ताईवाल्या ओळीवर बोट ठेवून, "म्हणजे महत्त्वाचं काम दुसऱ्यानंच केलंय. मग तुम्ही काय केलंत?"

तीन मिनिटंही झाली नसतील. गुणपत्रक पुढे सरकलं.

परतीच्या लोकलमध्ये तिघी खिडकीपाशी बसून होत्या. कांजूरमार्ग गेल्यावर एकीनं मला विचारलं, "बाई, ते वहीत लिहिलंच नसतं तर?"

परीक्षकहो, तिच्या त्या प्रश्नानं माझी झोप उडवली. बक्षीस गेलं त्याचं मला फार वाटत नाही, २२ वर्षांत अनेकदा गेलंय. पण खरं लिहिल्यामुळे आपण हरलो, असं एका चौदा वर्षांच्या मुलीला वाटलं आणि तिचा समज चुकीचा आहे असं मला छातीठोकपणे सांगता आलं नाही.

शेजारच्या टेबलावर एक मुलगा होता. त्याच्यावर मला काही ठपका ठेवायचा नाही, उलट त्याच्याबद्दल मला माया वाटली. मागे फ्लेक्सचा उभा फलक, समोर सेन्सर, मोबाइलवर ॲप, सगळं लखलखीत. इंग्रजी तोंडपाठ. वही होती, एकाच निळ्या पेननं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी. परीक्षक पुढे गेल्यावर आमच्या मुलींपैकी एकीनं अगदी कुतूहलानं त्याला विचारलं, "हा प्रोग्राम तू लिहिलास? मला शिकवशील?" तो आधी इकडेतिकडे बघू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "सरांनी दिलाय. मला त्यातलं येत नाही." किती सरळ उत्तर दिलं त्यानं! तेच त्यानं परीक्षकांना सांगितलं असतं तर? त्याला कुणी विचारलंच नाही. त्या पोरानं पण काही महिने या कामात घातले असतील, आणि त्याच्या हाती जे लागलं त्यात त्याचं स्वतःचं किती, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. माझ्या मते त्या दिवशी त्याचंही नुकसान झालं.

मदत घेणं हा गुन्हा नाही, हे मला फार आग्रहानं म्हणायचं आहे. तुम्ही स्वतः संशोधन केलंय. एकट्यानं कोण करतं? जगातली सगळ्यांत मोठी शालेय संशोधन स्पर्धा म्हणजे अमेरिकेतली आयसेफ. १९५० साली ती सुरू झाली आणि आपल्याकडची मुलं आयरिस या राष्ट्रीय मेळाव्यातून निवड होऊन तिथे जातात. तिथे मोठ्या प्रयोगशाळेत काम केलेल्या मुलांना मज्जाव नाही. पण त्या प्रयोगशाळेतल्या मार्गदर्शकानं एक वेगळा फॉर्म भरायचा असतो : मुलानं स्वतः काय केलं, किती स्वतंत्रपणे केलं, त्याला काय दिलं गेलं. आणि तो फॉर्म फाइलीत दडवायचा नाही, टेबलावर सगळ्यांना दिसेल असा लावायचा. मदत तिथे उघड्यावर असते. जंतू घरी वाढवायला त्या स्पर्धेत बंदीच आहे, म्हणजे आमच्या मुलींनी ताईकडे चाचणी दिली हे तिथल्या नियमानं योग्यच ठरलं असतं. मुलाखतीच्या वेळी पालक आणि शिक्षक सभागृहात नसतात, पण ज्याला हवा त्याला दुभाषा मिळतो. मुलानं आपल्या भाषेत विचार करून आपल्या भाषेत बोलावं, यात कमीपणा नाही असं अमेरिकेतल्या आयोजकांना वाटतं. विक्रोळीहून आलेल्या मुलीला मुंबईतल्या सभागृहात मात्र मराठी बोलायची भीती वाटते.

आपल्याकडेही हे नवीन नाही. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली ती याच विचारानं. दहा ते सतरा वर्षांची मुलं, गटानं केलेलं काम, आपल्या परिसरातला प्रश्न, आपली भाषा आणि रोजच्या नोंदींची वही. मुंबईत बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतं, सहावीच्या आणि नववीच्या मुलांसाठी. तिथे लेखी परीक्षेवर गोष्ट थांबत नाही, प्रात्यक्षिक असतं, मुलाखत असते, कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो. ज्यांनी हे रचलं त्यांना ठाऊक होतं, की मुलाच्या हातात आणि डोक्यात काय आहे ते फलकावर दिसत नाही. नियम चांगले आहेत. अडतं ते शेवटच्या तीन मिनिटांत, टेबलासमोर.

त्या "फेअर"बद्दल मला माझाही दोष कबूल करायचा आहे. कितीतरी वर्षं मी स्वतः मुलांकडून नोंदवही फेअर करून घेतली. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नवी वही, समास आखायचा, शीर्षकं लाल, मजकूर निळा, खाडाखोड चालणार नाही. मला वाटायचं मी शिस्त लावते आहे. प्रत्यक्षात मी मुलांना पुरावा नष्ट करायला शिकवत होते. चुकलेला आकडा, पाण्याचा डाग, घाईत भावानं काढलेलं वेडंवाकडं अक्षर, यांवरूनच तर कळतं की काम खरोखर झालं. एका जुन्या विद्यार्थ्यानं, जो आता एका प्रयोगशाळेत काम करतो, मला सांगितलं की त्यांच्याकडे नोंदवहीतलं पान फाडता येत नाही आणि खोडलेलं वाचता आलं पाहिजे असा नियम आहे. "बाई, शाळेत नेमकं उलटं शिकलो होतो," असं तो म्हणाला तेव्हा मला वाईट वाटलं. त्यानंतर मी फेअर बंद केली. पण आमच्या मुलींची गिचमीड वही पाहून तुमच्यातल्या एकानं नाक मुरडलं, आणि मी बघते आहे, यंदा आमच्याच शाळेतल्या इतर शिक्षकांनी पुन्हा फेअर वह्या करून घ्यायला सुरुवात केली आहे.

याचा फायदा कोणाला होतो ते तुम्ही जाणता. "प्रोजेक्ट करून मिळेल" असं सांगणारे आता सगळीकडे आहेत. कोणी सुटे भाग जोडून देतं, कोणी भाषण पाठ करून घेतं, कोणी परदेशातल्या प्रवेशासाठी "प्रोफाइल" तयार करून देण्याची मोठी फी घेतं. शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना आहे, तिच्यात निवड झालेल्या मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात. आमच्या वस्तीतल्या घरासाठी ही रक्कम लहान नाही, आणि मुलाच्या नावानं सरकार पैसे देतं याचा त्या घराला किती अभिमान वाटतो ते मी पाहिलंय. पण तेच पैसे घेऊन एखादे वडील तयार मॉडेल विकत आणतात, तेव्हा मी त्यांना अडवू कशी? ते म्हणतात, "बाई, जिंकतात ती मॉडेलंच." त्यांनी प्रदर्शन पाहिलेलं असतं.

खेळाडूंना, चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांना, शास्त्रीय संगीत शिकणाऱ्यांना दहावीला जसे सवलतीचे गुण मिळतात, तसे विज्ञान प्रकल्पालाही द्यावेत, असं काही सहकारी म्हणतात. माझा विरोध आहे. गुण लागले की त्या बाजाराला आणखी खतपाणी मिळेल.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची आठवण मला या सगळ्यात पुन्हा पुन्हा येते. मुंबई विद्यापीठातून पहिल्या येऊनही १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं त्यांना केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या, तेव्हा वर्षभर अटींवर काम करू दिलं गेलं. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. आणि एवढं झाल्यावर मुंबईत परतून त्यांनी काम कशावर केलं? नीरेवर. डाळींवर. लोकांच्या रोजच्या खाण्यापिण्यात किती सत्त्व आहे, यावर. आमच्या मुलींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एक म्हणाली, "म्हणजे आपल्या माठावर काम केलं तर चालतं." चालतं, बाळा. पण हे तिला माझ्याकडून ऐकून पुरेसं नाही, तुमच्याकडून ऐकायला हवं.

म्हणून माझी विनंती आहे, की टेबलापाशी गेल्यावर फलक वाचू नका, आधी वही मागा. मधलंच एखादं पान उघडा आणि विचारा, "या दिवशी काय झालं होतं?" ज्यानं काम केलंय त्याचा चेहरा या प्रश्नानं उजळतो, हे मी शपथेवर सांगते. ज्यानं केलेलं नाही तो फलकाकडे बघू लागतो. तीन मिनिटांतसुद्धा हे कळतं, वेळ कमी पडतो ही तक्रार इथे लागू होत नाही. दुसरा प्रश्न, "कोणाकोणाची मदत झाली?" तो अशा सुरात विचारा, की उत्तर देताना मुलाची मान खाली जाऊ नये. त्यानं चार नावं घेतली तर गुण कापू नका. गुणपत्रकात प्रामाणिक नोंदीसाठी एक रकाना ठेवायला आयोजकांना सांगा. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे, आमच्या नाही. "आम्हाला समजलं नाही" असं कुणी लिहिलेलं दिसलं तर तिथे थांबा. त्या वाक्याला माझ्या अनुभवात फार थोड्या मुलांचं धाडस होतं.

आणि भाषा. मूल ज्या भाषेत फलक लावून उभं आहे, त्या भाषेत पहिला प्रश्न विचारा. मुंबईत मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा कितीतरी माध्यमांच्या शाळा आहेत, प्रत्येक परीक्षकाला सगळ्या भाषा याव्यात असं मी म्हणत नाही. पण परीक्षकांची जोडी लावताना आयोजकांना एवढं पाहता येतं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाचे गुण कमी करा असंही नाही. फक्त इंग्रजी बोलता आलं म्हणजे विज्ञान आलं, असा हिशोब नको.

निकालासोबत मुलांच्या हाती दोन ओळी लिहून द्या, हे मागणं कदाचित जास्त वाटेल. शंभर टेबलांचा दिवस असतो, मला कल्पना आहे. पण हरलेल्या मुलाला फक्त सहभागाचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर त्याचं नावसुद्धा पुष्कळदा चुकीचं असतं. "तांब्याचा भाग पुढे न्या" एवढे चार शब्द आमच्या मुलींना त्या दिवशी मिळाले असते, तर लोकलमधलं ते बोलणं वेगळं झालं असतं.

तुम्हाला उत्सुकता असेल म्हणून सांगते. त्या तिघी आता दहावीत आहेत. दोघींच्या घरून यंदा सक्त ताकीद आहे, दहावीचं वर्ष, प्रकल्प नको. मी त्या आईवडिलांना दोष देत नाही. तिसरी मात्र थांबली नाही. तिनं नववीच्या दोघींना जोडीला घेतलंय आणि तांब्याचा प्रश्न उकरून काढलाय. आजीच्याच कळशीवरून तिला सुचलं, की चिंचेनं घासून लख्ख केलेली कळशी आणि महिनाभर न घासलेली काळपट कळशी, दोन्हींत क्लोरीन सारखंच टिकतं का? दोन कळश्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. आजी रोज विचारते, की माझ्या कळशीला घासू का देत नाही. पहाटेची पहिली नोंद आजीच घेते, कारण त्या वेळी तीच जागी असते. वहीत तसं लिहिलेलं आहे : "४.४० ची नोंद आजीने घेतली. चष्मा लावला होता."

यंदाही आम्ही येणार आहोत. तीच वही पुढे चालू आहे, फेअर केलेली नाही. सतराव्या पानावर आडवी रेघ आहे आणि बाजूला चहाचा डाग. तिथून विचारायला सुरुवात करा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
विक्रोळी, मुंबई